पारबती आत्याचं काजळ

आमच्या भावकीत आजही एखाद्या बाईने लेकराच्या डोळ्यात काही घातलं, की दुसरी म्हणते, "पारबतीसारखं करू नको वं बाई." म्हणणारीने पारबतीला पाहिलेलं नसतं. तिला एवढंच सांगितलेलं असतं, की पारबती म्हणून कोणी आत्या होती, तिने भावाच्या लेकीच्या डोळ्यात काजळ घातलं आणि पोरीचे दोन्ही डोळे गेले. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे जाणणारी दोनच माणसं उरली आहेत. एक मी, आणि दुसरी माझी बहीण कौतिका, जिचे डोळे गेले. खोटं मी केलं, म्हणून खरंही मीच लिहायला हवं. फार उशीर केला आहे. आता लिहितानाही हात मागे सरतो.

अमरावतीच्या वेशीबाहेर आमचा मळा होता. आम्ही माळी, पिढ्यान्‌पिढ्या माळवं पिकवणारे. विहिरीवर मोट चालायची आणि तिच्या चाकाचा करकर आवाज पहाटेपासून घरभर ऐकू यायचा. तो थांबला की माय घरातून ओरडायची, "बैल बसला का रे?" विहिरीच्या काठच्या थारोळ्यातून पाणी पाटात पडायचं, पाटाच्या दोन्ही काठांनी चवलाईची पालेभाजी आपोआप उगवायची, ती कोणी पेरत नसे. वांगी, मेथी, अंबाडी, कोहळी, बांधावर शेवग्याची चार झाडं. आमच्या जेवणात भाकरीपेक्षा भाजी जास्त असायची. विकायला न्यावी अशी जुडी बाजारात आणि तुटकी, किडकी पानं आमच्या चुलीवर. आम्हाला ती नकोशी व्हायची. बाबा ताटाकडे पाहून म्हणायचे, "आज कोनता पाला हाये?" आणि माय म्हणायची, "म्हशीले विचारा, तिनंही हाच खाल्ला." म्हशीचं ताक आणि तुपाचा एक थेंब असायचा. हे सगळं गरिबीचं खाणं आहे असं मला तेव्हा वाटे.

पारबती आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला अकोल्याला दिलं होतं. नवरा वारल्यावर ती आमच्याकडे आली. तिचा नवरा कसा गेला ते ती एकाच वाक्यात सांगे. त्याचा एक डोळा हळूहळू गेला, दुसरा धड होता म्हणून त्यालाही कळलं नाही आणि हिलाही कळलं नाही, मग दुसराही अधू झाला आणि एक दिवस भर उन्हात तो विहिरीत पडला. "सोबत जेवत होतो आमी," ती म्हणायची, "अन्‌ मले त्याच्या डोयातलं दिसलं नाही." तेव्हापासून तिने एक नेम धरला होता. बाजाराच्या दिवशी टोपल्या भरून झाल्या की ऊन ओट्यावर यायचं, आणि बायका डोक्यावर टोपल्या घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला तिच्यापुढे बसावं लागायचं. उगवतीकडे तोंड करून. ती अंगठ्याने खालची पापणी ओढायची, वर पाहा म्हणायची, नाकाकडे पाहा म्हणायची, बुबुळ आणि पांढरं नीट निरखायची. मग एक डोळा तळहाताने झाकून पाटाच्या पलीकडचं काहीतरी ओळखायला लावायची, मग दुसरा झाकून. बाबांनाही सुटका नव्हती. "किसना, वरतं पाय. अजून वरतं. काय गा, बायकोकडे पाहाले सांगतलं का मी?" सगळे हसायचे, टोपल्या उचलल्या जायच्या.

यात नुसते डोळे ती पाहत नव्हती. एकदा बाबांच्या डोळ्याचं पांढरं पाहून ती म्हणाली, "तुह्या पोटात कावीळ हाये," आणि चार दिवसांनी बाबा हळदीसारखे पिवळे पडले. माय पोटुशी असताना तिची पापणी ओढून आत्याने सांगितलं, हिच्यात रक्त नाही, हिला पाणी ओढू देऊ नका. "बाकी अंग झाकता येते," आत्या म्हणायची, "डोया झाकला का मानूस भितीवर आपटते. म्हनून थोच सांगते सारं." माझ्या म्हातारपणी अमरावतीच्या डॉक्टरने माझ्या डोळ्यात यंत्रातून उजेड टाकून आत पाहिलं आणि मला विचारलं, "आजोबा, लघवीला मुंग्या लागतात का?" लागत होत्या. मला आत्या आठवली आणि मी त्या खुर्चीवर असा काही रडलो की डॉक्टरला वाटलं उजेड फार झाला.

मग कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला असा भाव आला की बाजारात लोकांच्या बोलण्याचा आवाजच बदलला. ज्यांनी कधी पायात जोडा घातला नव्हता ते जोडा हातात धरून दाखवत फिरू लागले. शेजारच्या कुणब्यांची वावरं पांढरी झाली आणि आमच्या मळ्यात मेथी. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. मला मेथीची लाज वाटू लागली. मीच बाबांच्या मागे लागलो. बाबा म्हणाले, "बागायतात कापूस? लोक हासतीन." मी म्हणालो, "लोक आताच हासून राहिले बाबा, जुड्या बांधतो म्हनून." महिनाभर मी हेच बोलत राहिलो. शेवटी वाफे मोडले. शेवग्याची झाडं सावली धरतात म्हणून मी स्वतः कुऱ्हाडीने तोडली. पाटाची चवलाईसुद्धा उपटली, कारण पाटच बुजवला. हिरवा चारा संपला तशी म्हैस विकली. मोट थांबली, आणि माय आतून ओरडायची थांबली.

पहिल्या वर्षी पीक असं आलं की बाबा वावरात उभे राहून नुसते हसत होते. आम्ही ज्वारी आणि तूर बाजारातून आणू लागलो. ताटात भाकर, वरण, तेल-तिखट, कधी जवसाची चटणी. गूळ हवा तेवढा. मायच्या हातात चांदीच्या पाटल्या आल्या. आणि सगळ्या अमरावतीला भाजी पुरवणारं आमचं घर महिना महिना हिरवं पान न खाता राहू लागलं. भाजी बाजारात मिळत होती, महाग होती, पण घेता आली असती. ती विकत घेणं आम्हा माळ्यांना कमीपणाचं वाटे. दुसऱ्याच्या टोपलीतून मेथी घ्यायची, तीही ज्यांच्याशी आयुष्यभर बाजारात बसून भांडलो त्यांच्याकडून? बाबा म्हणाले, "त्यापेक्षा गूळ खाईन." आम्ही गूळच खाल्ला.

माळवं गेलं तसा आमचा बाजाराचा दिवसही गेला. टोपल्याच नव्हत्या, मग सकाळी ओट्यावर कोण थांबणार? कापूस वेचायला उजाडताच वावरात जायचं. आत्या तरी त्या दिवशी ओट्यावर येऊन बसायची आणि हाक मारायची. एकदा मी तिला म्हणालो, "आते, आता आपन माळवं इकत नाही. तुह्या डोये पाहाचा बाजार उठला." वेचायला आलेल्या बायका खदखदा हसल्या. आत्याही थोडी हसली, पदर झाडून आत गेली. त्यानंतर तिने कोणाला बोलावलं नाही. या एका वाक्यासाठी मला कोणी कधी दोष दिला नाही, कारण ते कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

कौतिका तेव्हा सहा वर्षांची. आम्ही तिला कौती म्हणायचो. माझ्या आणि तिच्यामधली तीन लेकरं वाचली नव्हती. ती बडबडी होती, दिवसभर वेचणाऱ्या बायकांच्या ओटीत हात घालून कापूस पळवायची. त्या हिवाळ्यात ती संध्याकाळी धडपडू लागली. जात्यावर पाय आपटला, दाराच्या चौकटीवर कपाळ. माय म्हणाली, धांदरट झाली. एके दिवशी दिवेलागणीला मी तिला पाण्याचा तांब्या मागितला, तो तिने माझ्या पायावर सांडला आणि मी तिच्या थोबाडीत मारली. ती रडत म्हणाली, "दादा, दिवा लागेलोक मले काईच दिसत नाही. तू कुठी बसला थे मले कसं दिसन?" मी तिच्या तोंडापुढे हात हलवला. बाहेर अजून उजेड होता, मला आंब्याची पानं वेगळाली दिसत होती. तिला माझा हात दिसला नाही.

म्हणजे मला कळलं होतं. ही गोष्ट मी कधीच कोणाला सांगितली नाही. मला वाटलं नव्हतं, समजलं नव्हतं, असं मी पुढे स्वतःलाही सांगत आलो. ते खोटं आहे.

चार दिवसांनी आमच्या कापसाच्या बैलबंड्या अकोल्याला निघणार होत्या आणि पहिल्यांदाच बाबांनी त्या माझ्या हवाली केल्या होत्या. आत्याला कौतीचं कळलं तर ती काय करील हे मला माहीत होतं. ती बाबांपुढे बसून राहील, वाफे परत घाला म्हणेल, आणि बाबा थोरल्या बहिणीचं ऐकतील. मग मोट, आणि मोटेमागे मी. आत्याला शंका आलीच होती. तिची संध्याकाळची एक परीक्षा होती. दिवे लागायच्या आधी अंगणात सारवलेल्या जमिनीवर ती तुरीचे सात दाणे टाकायची आणि लेकराला वेचायला लावायची. आम्ही सगळे लहानपणी ते दाणे वेचून मोठे झालो होतो. दुसऱ्या दिवशी तिने कौतीला अंगणात बोलावलं. त्याआधी मी कौतीला गोठ्यामागे नेलं, तिच्या मुठीत सात दाणे दिले आणि म्हणालो, "खाली बस, हात फिरव, अन्‌ हे आतेले दे. बोलू नोको. मी तुले अकोल्याहून बत्तासे आनतो." तिला तो खेळ वाटला. ती अंगणात उकिडवी बसली, हात फिरवला. खरे दाणे मी येरझाऱ्या घालत पायाखाली दडपले. आत्याने तिच्या हातातले मोजले. सात होते. "शहानी माय माही," ती म्हणाली आणि तिने कौतीचा मुका घेतला.

तरीही आत्या फसली नाही. दुसऱ्या सकाळी तिने कौतीला उन्हात बसवून पापणी ओढली आणि बाबांना हाक मारली. "किसना, इकडं ये. पांढऱ्यावर हे पाय. ताकाच्या फेसावानी दिसून राहिलं. बुबूयही कोरडं हाये. दाने उचलले तिनं, पन डोया येगयंच सांगून राहिला. दोन वाफे मोकये कर गा. चवलाई टाक, मेथी टाक. अन्‌ तोवर पोरीले शेयीचं काळीज खाऊ घाल." बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ते म्हणाले, "बाई, माह्या घरात काळीज शिजवतं?" मग ते माझ्याकडे वळले. "काहून रे, हिले संध्याकाळी दिसत नाही का?"

मी म्हणालो, "मस्त दिसते. कालच दाने येचले ना तिनं. आते, फेस तुह्याच डोयात आला असन." बाबा हसले. कौती माझ्याकडे पाहत होती, पण तिने तोंड उघडलं नाही. बत्ताशांचं वचन होतं.

मी बंड्या घेऊन निघायच्या आदल्या दिवशी आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "बजारातून चिमूटभर काळीज आन बापा. मांगच्या चुलीवर शिजवतो. पाप लागन तं मले लागू दे." मी ते बाबांना जाऊन सांगितलं. घरात काळीज शिजवणार नाही अशी बाबांनी तिच्याकडून देवापुढे शपथ घेतली. त्यानंतर ती बिचारी नाल्याच्या काठाने हिंडायची, चिवळीच्या रानभाजीचे चार देठ मिळाले तर कौतीला खाऊ घालायची. पण उन्हाळा लागला आणि नालाही आटला. तिच्याजवळ मग काजळच उरलं. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, बोटभर तुपात खललेलं. ते ती रोज धुतल्या हाताने घालायची. बत्तासे आणायचं मी अकोल्यात विसरलो.

चैत्रात कौतीला गोवर आला. अंगभर फुटला, पोट वाहू लागलं, डोळे चिकटले. माय म्हणाली देवी आली, दाराला निंबाचा डहाळा लागला. आठ दिवसांनी ताप उतरला आणि आत्याने कोमट पाण्याने पापण्या सोडवल्या, तेव्हा मी तिथेच उभा होतो. उजव्या डोळ्याचं बुबूळ दुधासारखं झालं होतं. डावा दुसऱ्या दिवशी वाहून गेला. याहून जास्त मला लिहवत नाही. कौती विचारत होती, "सकाय झाली का? आता तं सकाय झाली ना?"

अकोल्याच्या दवाखान्यात डोळ्यांचं जाणणारे डॉक्टर आले आहेत असं कापसाच्या दलालाकडून कळलं. बाबा, मी, आत्या आणि तिच्या मांडीवर कौती, असे आम्ही बंडीने मूर्तिजापूरवरून गेलो. डॉक्टर पुण्याकडचे होते, हळू बोलणारे. त्यांनी कौतीला उजेडाकडे वळवून तिचे दोन्ही डोळे पाहिले. मग म्हणाले, "हे गोवरात संपलं असलं तरी सुरू आधी झालं असणार. काही महिने आधी. संध्याकाळी हिला दिसत होतं का? नीट आठवून सांगा. कारण तसं असेल तर खाण्यात उणीव आहे, घरातल्या बाकीच्यांनाही जपावं लागेल." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आत्यानेही पाहिलं. तिच्या पाहण्यात राग नव्हता. ती वाट पाहत होती. आता तरी पोरगा बोलेल असं तिला वाटत असावं.

मी म्हणालो, "दिसे जी. साफ दिसे. आतेनं काजळ घालनं सुरू केलं, त्याच्यानंतर झालं हे."

डॉक्टरांनी विचारलं, "काजळात काय होतं?" आत्याने सांगितलं. ते म्हणाले, "एवढ्याने असं होऊ नये." पण बाबांनी पुढचं ऐकलंच नाही. ते दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे राहून आपल्या थोरल्या बहिणीला, जिच्यापुढे त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, म्हणाले, "सोताचा नवरा खाल्ला, आता माही पोरगी खाल्ली." आत्याने कौतीला मायेने खाली ठेवलं, तिचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "धर. पायऱ्या हायेत." त्याच दिवशी बाबांनी तिला तिथेच अकोल्यात, मोर्णा नदीच्या काठी तिच्या पुतण्याच्या घरी सोडलं. बंडी वळताना कौती ओरडत होती, "आते, तू येत नाही का?"

पुढच्या वर्षी ती लढाई संपली आणि भाव कोसळले. बाबांनी वाफे परत घातले. मी मोट हाकली. ताटात पुन्हा पाला आला आणि आमच्या घरात नंतर कोणाचे डोळे गेले नाहीत. शेजाऱ्यांचा कापूस घेऊन मी कितीदा तरी अकोल्याला गेलो. त्या गल्लीत एकदाच गेलो. आत्या ओट्यावर बसली होती, आणि समोरच्या बाईने आपलं लेकरू तिच्या नजरेआड नेलं. मी लांबूनच परतलो. दोन-तीन वर्षांत ती वारली. निरोप आला तेव्हा बाबा बैलांना पाणी दाखवत होते. ते म्हणाले, "बरं." रात्री जेवले नाहीत.

कौतीचं लग्न झालं नाही. ती माझ्याच घरी आहे. माझ्या सुनांची लेकरं तिने वाढवली. मी नातवंडांना वर्षातून दोनदा दवाखान्यात डोळे दाखवायला नेतो, दुखत नसले तरी. सुना म्हणतात, "मामंजींले येडच हाये." दुखायला लागेपर्यंत थांबलं की काय उरतं हे त्या रोज कौतीच्या रूपाने घरात पाहतात, तरी म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात मी कौतीला सगळं सांगितलं. दाणे, काळीज, दवाखाना. मला वाटलं ती मला शिव्या देईल. ती म्हणाली, "मले वाटे मीच केलं. थ्या दवाखान्यात मले बोलता येत होतं ना दादा. सहा वर्साची होती तं काय झालं, जीभ तं होती. मी बत्ताशासाठी आतेले फसवलं, म्हनून देवानं डोये नेले, असं मी साठ वर्सं समजून राहिली." मला हे कधी सुचलंही नव्हतं. मला वाटत होतं की निदान माझा गुन्हा माझ्याजवळच आहे. तो त्या पोरीने, आंधळी होऊन, माझ्या घरात, माझ्या चुलीशी बसून वाहिला होता.

मग ती म्हणाली, "चाल अकोल्याले. जिथं तिले सोडलं, थ्या दारात सांग."

आम्ही आगगाडीने गेलो. घर सापडलं, नवं बांधलेलं. कौतीला मी टांग्यात बसवून ठेवलं, कारण गल्लीत चिखल होता. दारात एक तरणी सून आली. मी म्हणालो, पारबतीबाईंबद्दल सांगायचं आहे, त्या इथे राहत होत्या. ती म्हणाली, "कोन पारबती?" तिने आत जाऊन सासूला विचारलं. सासूने आतूनच सांगितलं, "असं कोनी नव्हतं आपल्यात." दार लागलं.

टांग्याजवळ आलो तर कौतीने माझ्या पावलांच्या आवाजाकडे तोंड वळवलं होतं. "सांगतलं?"

"सांगतलं."

"काय म्हने?"

"रडले सारे," मी म्हणालो.

तिने डोळ्यांना पदर लावला आणि परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच ती गाडीत झोपली. हे लिहून पुरं झालं की माझा नातू तिला ते वाचून दाखवणार आहे. तेव्हा हेही तिला कळेल.